कार्बोरेटरमधला कुंकवाचा ठिपका

प्रिय दादा,

आज सकाळी तुझी झाड कापायची मशीन चालू झाली. वर्षभरानं तो आवाज अंगणात उठला, तशा वहिनी पिठाचे हात घेऊन दारात आल्या. त्यांनी आधी माझ्याकडं नाही, रस्त्याकडं बघितलं. तू येतोयस की काय, असं! म्हणून लिहायला बसलो. आणि दुसरं कारण असं, की या मशीनपायी मी एका भल्या माणसाला चोर ठरवलं. ते तुझ्यापासून लपवायचं कसं?

तुझं वर्षश्राद्ध आठ दिवसांवर आलंय. अंगणातला कडुलिंब पार वाळला. मागच्या आठवड्यात त्याची एक फांदी स्वयंपाकघराच्या पत्र्यावर पडली. वहिनी थोडक्यात वाचल्या. त्याच अंगणात मांडव घालायचा, माणसं जेवायला बसवायची. मी म्हणालो, सोनपेठहून कुणाची तरी मशीन आणतो. तर वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांच्या हातचं झाड हाय ते. ह्यांच्याच मशीननं पडू द्या."

माळ्यावरून मशीन काढली. तुझ्या जुन्या धोतरात गुंडाळलेली होती. दोरी ओढली, चालू झाली. रेस दिली की बंद. पुन्हा ओढली, पुन्हा तेच. खांदा दुखेपर्यंत ओढली, दादा!

तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. तू मशीनला इतकं जपायचास, मग ही बिघडली कशी? आणि नेहमी कार्बोरेटरच कसा जायचा? देवळामागचा पिंपळ पाडायचा होता, तेव्हा कार्बोरेटर गेला. सरपंचाला त्याच्या नव्या दुकानापुढचा वड नको होता, तेव्हाही तोच. गावात सगळे हसायचे. "रंगनाथची मशीन म्हणजे देवाला सोडलेला वळू. मनात आलं तर चालंल, न्हाई तर न्हाई!" तूही त्यांच्यात हसायचास.

आणि शेवटी माझी चिंच. आपल्या दोघांच्या बांधावरची. तिची सावली माझ्या कापसावर पडते, पाडून दे म्हणालो. तू हो म्हणालास. सकाळी निरोप आला, "कारबेटर गेलंय रं मुंजा, पार्ट मिळंना." मला वाटलं, चिंचा तुला एकट्याला हव्यात. खरं सांगू? पंधरा दिवस मी तुझ्या ओट्यावर पाय ठेवला नाही. समोरून आलास की वाट बदलायचो. सोळाव्या दिवशी तूच गेलास. असं करतात का रे कुणी?

असो. मशीन घेऊन परभणीला गेलो. दुकानदार म्हणाला, हे मॉडेल बंद होऊन जमाना झाला. तरी त्यानं कार्बोरेटरच्या रबरी भागांचं एक पाकीट पुढं केलं. मी वास घेतला, रबर दाबून बघितलं, भोकं मोजली. एक कमी! तिथून पाथरीला हमीदभाई मिस्त्रींकडं गेलो. तुझी मशीन त्यांच्याशिवाय कुणीच उघडली नव्हती, म्हणून माझा पहिला संशयही त्यांच्यावरच होता.

त्यांनी माझ्यासमोर कार्बोरेटर खोलला. जाळी साफ होती, सुई ठीक होती. आतला रबरी पडदा मात्र वाळलेल्या पापडासारखा कडक. "हा हालत न्हाई, म्हणून रेसला पेट्रोल मिळत न्हाई," ते म्हणाले. "ठिवून जा. बघतो काहीतरी." आणि नमाजाला गेले.

मी खिशात हात घातला. सकाळच्या पूजेची कुंकवाची पुडी होती. त्या पडद्याच्या मधल्या चकतीवर, बारीक खाचेत, मी कुंकवाचा ठिपका दाबून बसवला. आपला भाग बदलला तर कळावं म्हणून. देवाचं कुंकू पाळतीला लावताना मला काहीच वाटलं नाही, दादा.

चार दिवसांनी गेलो. मशीन तयार होती. मी म्हणालो, "आधी खोलून दाखवा."

"चालू करून बघा की आधी."

"खोला."

त्यांनी चार स्क्रू काढले. आत मऊ, लवचिक पडदा. ठिपका नाही.

"भाग बदललाय," मी म्हणालो.

"बदललायच. त्याच्याबिगर चालंल कशी?"

"सगळ्या जिल्ह्यात न मिळणारा भाग तुम्हाला कुठून मिळाला?"

त्यांनी हात पुसले. मग म्हणाले, "तुमच्याच मशीनचा हाय."

झालं! चोर स्वतःच कबूल झाला. मी भर बाजारात ओरडलो, "माझ्या भावाच्या मशीनचा चांगला भाग काढून घेतला तुम्ही! तो गेल्यावर आता परत देताय!" शेजारचा पंक्चरवाला उठून आला.

हमीदभाईंनी फळीवरून तुझा सुपारीचा डबा काढला. मी तो लगेच ओळखला. त्यातून कडक पडदा काढून माझ्या तळहातावर ठेवला. "हा घ्या तुमचा. कुंकवासकट." आणि म्हणाले, "मुंजाभाऊ, रंगनाथरावांनी शपथ घातली हुती म्हणून बोललो न्हाई. जे झाड पाडायचं नसंल, त्याच्या आदल्या दिवशी ते हितं यायचे. चांगला पडदा डब्यात, कडक पडदा मशीनीत. मोठ्या मान्साला न्हाई म्हणायला जीभ रेटत न्हाई म्हणायचे."

"मग शेवटचा?"

"शेवटचा तुमच्या चिंचंसाठी. चांगला न्यायला आलेच न्हाईत परत."

मी तिथंच स्टुलावर बसलो. म्हणालो, "मी कुठला मोठा माणूस?"

"तेच मी इचारलं. तर म्हणले, तेच्या झोळीची दोरी त्या फांदीला हुती. माय कापूस वेचायची, मी झोका द्यायचो. तेला कुठं आठवतंय? मला आठवतंय."

दादा, हे मला सांगायला काय झालं होतं? मी काय सरपंच होतो? एकदा तोंडानं सांगितलं असतंस, तर मी कुऱ्हाडसुद्धा बांधाला नेली नसती. की तुलाही माझा संशय होता? मी हसेन, असं वाटलं तुला?

पाथरीहून सरळ बांधावर गेलो. चिंचेच्या बुडाशी, मातीत अर्धी रुतलेली सुपारी सापडली. झाडाला हात लावण्याआधी बुडाशी सुपारी ठेवून त्याला विचारायचं, ही तुझी रीत; म्हणजे तू तिलाही विचारायला गेला होतास. वर बघितलं. खालच्या आडव्या फांदीवर दोरीचा वळ आहे. साल त्याच्या दोन्ही बाजूंनी फुगलीय. इतकी वर्षं मी त्याच सावलीत भाकरी खात होतो!

काल संध्याकाळी मी लिंबाच्या बुडाशी हळदकुंकू वाहिलं, सुपारी ठेवली. तुझे शब्द म्हणालो, "आत कुणी राहत असंल, तर आज दुसरीकडं जावं, राग धरू नये." आज सकाळच्या एसटीनं हमीदभाई स्वतः आले. मी त्यांच्या पाया पडायला वाकलो, तर दंड धरून म्हणाले, "राहू द्या, आता काय माझ्या कपाळाला ठिपका लावता का?" वहिनी किती दिवसांनी हसल्या! हमीदभाईंनी कानानं ऐकत स्क्रू अर्धा आटा फिरवला आणि मशीन तुझ्या हातात बोलायची तशी बोलली. लिंब दुपारपर्यंत पडला. पत्र्याला धक्का नाही.

चिंच राहील, दादा. माझा शब्द. पण माझ्या शब्दावर माझाच फार भरवसा नाही, तुला स्वभाव माहीत आहे. म्हणून तो कडक पडदा, ठिपक्यासकट, तुझ्या डब्यात घालून हमीदभाईंकडंच परत दिलाय. उद्या माझं मन फिरलं, तर मशीन आधी तपासून घ्यायला मला त्यांच्याकडंच जावं लागेल. तेव्हा काय करायचं, ते मी त्यांना सांगून ठेवलंय.

तुझा,
मुंजा