गोलकीपरची किंमत आणि आमची उलटी मोटार

प्रिय साडूभाऊ,

कंबर जेवढी परवानगी देते तेवढा वाकून नमस्कार. (उरलेला मनातून केला आहे, मोठेपणाने पदरात घ्या.) ताईंचा गुडघा कसा आहे? जिना चढताना कट्कन आवाज येतो असं मागे म्हणत होत्या. आवाज नुसता येत असेल तर घाबरू नका म्हणावं, बदलला तर मात्र डॉक्टरला दाखवा. बेअरिंगचंही असंच असतं. इकडे सगळे खुशाल आहेत, म्हणजे जेवतात आणि झोपतात. फक्त वर्कशॉपात कुणी कुणाशी बोलत नाही आणि आमचा वाइंडिंग मास्तर महिनाअखेर सोडून जातो म्हणतोय. कारण विचाराल, तर एक गोलकीपर. तो कोण, कुठला, मला ठाऊक नाही. त्यालाही आमचं वर्कशॉप ठाऊक नसावं.

मास्तर गेला तर माझं काय होईल ते तुम्हाला वेगळं सांगायला नको, तुमचाही धंदा मोटारी दुरुस्त करण्याचाच. जळलेली मोटार उघडून जुनी तार कुणीही उपटेल. नवी तार अशी भरायची की आपण कधी जळलो होतो हे मोटारीला आठवूच नये, हे एकट्या मास्तरला जमतं. मी काही शिकलेला माणूस नाही. दुसऱ्याच्या दुकानात झाडू मारता मारता कान तयार केले आणि त्या कानांवर धंदा उभा केला. स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटारीला लावलं, मूठ कानाला लावली, की आतली सगळी गाऱ्हाणी मला ऐकू येतात. पण नुसतं ऐकून मोटार दुरुस्त होत नाही. ते काम मास्तरचं.

तर झालं काय, चहाच्या वेळी आमच्या जावयांनी मोबाइलवर एक यादी काढली. (जावई हुशार आहेत, गिऱ्हाइकांशी बोलतात, हिशेब चोख ठेवतात, एरवी बोलले की भिंतीवरची सूचना वाचल्यासारखं बोलतात. जास्त लिहीत नाही, पत्र टपालात टाकायला मुलगीच जाते.) त्या यादीप्रमाणे जगातला सगळ्यात मौल्यवान फुटबॉलपटू म्हणे एक पोरगा, ज्याला अजून नीट मिशीही फुटलेली नाही. मास्तर म्हणाला, मिशीचं सोडा, खरा मौल्यवान तो अमुक संघाचा गोलकीपर, कारण तो नसला तर बाकीचे दहाजण कुठे तोंड दाखवतील? (मास्तर तरुणपणी गोलात उभा राहायचा. डाव्या हाताची करंगळी अजून वाकडी आहे आणि तिचा त्याला अभिमान आहे.) लेथवाला म्हणाला, ज्याच्या नावाचा शर्ट सगळ्यांत जास्त खपतो तो. मोटार न्यायला आलेलं गिऱ्हाईकही स्टूल ओढून बसलं आणि म्हणालं, कॅप्टन. कुठल्या संघाचा, ते शेवटपर्यंत सांगितलं नाही.

मग सगळे माझ्याकडे वळले. मालक, तुम्ही सांगा! मी म्हटलं, आधी मला किंमत म्हणजे काय ते समजवा. जावई म्हणाले, एक क्लब दुसऱ्या क्लबला देतो ती. म्हणजे खेळाडूला मिळते? नाही, त्याला पगार वेगळा. बरं, आणि करार संपला तर? तर कुणीही फुकट न्यावा. म्हणजे काल जगात सगळ्यांत महाग, आज सकाळी फुकट? हो, पण पगार वाढतो. साडूभाऊ, माझं डोकं एक फेज गेलेल्या मोटारीसारखं झालं, नुसतं गुणगुणायला लागलं, फिरेना. आपल्या धंद्यात जुनी वस्तू स्वस्त आणि नवी महाग, इतकं मला कळतं. इथे न केलेल्या कामाची किंमत केलेल्या कामापेक्षा जास्त, आणि जो फुकट तो सगळ्यांत महाग! वाद मिटावा म्हणून मी आपलं बोलून गेलो, 'ज्याच्याशी करारच नाही, त्याला कसली आलीय किंमत?'

मास्तरने कप विसळला, पालथा घातला आणि काम उचललं. मला बापड्याला काय माहीत? आमची ही रात्री म्हणाली, 'अहो, मास्तरशी तुमचा कधी कागद झालाय का?' नाही झालेला. तो आला तेव्हा माझ्याकडे कागद ठेवायला टेबलही नव्हतं. पण मी फुटबॉलबद्दल बोलत होतो! निदान मला तसं वाटत होतं. आता तेही खात्रीने सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशीपासून अबोला. नेमकी तेव्हाच एका इमारतीच्या पंपाची मोटार आलेली. एरवी मास्तर तार भरतो आणि कुठली कशाला जोडायची ते ओरडून सांगतो, जावई जोडतात. या वेळी मास्तरने ते भिंतीला सांगितलं. भिंतीला सांगितलेलं जावई तत्त्व म्हणून ऐकत नाहीत. त्यांनी आपल्या अंदाजाने तारा जोडल्या, मास्तरने पाहिलं आणि तोंड फिरवलं. मी स्क्रूड्रायव्हर कानाला लावला. आवाज असा गोड, की पाळण्यातलं बाळ झोपावं. पास! मोटार गेली, बसली, फिरली. उलटी. (सुलटी फिरली काय, उलटी फिरली काय, आवाज तोच येतो. या कानांच्या भरवशावर मी मुलगी दिलेली आहे!) वरच्या टाकीत पाणी चढेना. सर्वांत वरच्या मजल्यावरच्या वकिलांचा फोन आला, डोक्याला साबण लावलेल्या अवस्थेत. मी म्हटलं, साहेब, मोटारीचा आवाज तर एकदम गोड आहे. ते म्हणाले, 'मग आवाजानेच अंघोळ करू का?'

दोन तारांची अदलाबदल केली, पाणी चढलं. पण चूक कुणाची? जावई म्हणाले, मास्तरची. मास्तर भिंतीला म्हणाला, जावयांची. लेथवाला म्हणाला, फुटबॉलमध्ये काहीही झालं तरी दोष गोलकीपरचाच असतो. त्यावर मास्तर उठला आणि सरळ माझ्यासमोर येऊन म्हणाला, 'ऐकलंत? सगळा दोष ज्याच्या वाट्याला, त्याची किंमत शून्य. येतो मी महिनाअखेर.'

त्या दिवसापासून मला घास गोड लागत नाही. तुम्ही चार पावसाळे जास्त पाहिलेत, काही सुचलं तर कळवा. ताईंना नमस्कार.

आपला गोंधळलेला साडू

ता. क. मूळ मुद्दा राहिलाच. परवा मास्तरला एक फोन आला. पलीकडचा माणूस एवढ्या मोठ्याने बोलत होता, की मास्तरने फोन कानापासून हातभर लांब धरला. त्या बोलण्याच्या मागे एक कॉम्प्रेसर चालू होता. तीनदा धाप लागल्यासारखा आणि मग एक उचकी. अशी उचकी देणारा कॉम्प्रेसर पृथ्वीतलावर एकच आहे, तुमच्या मागच्या दाराशी. त्याचा वॉल्व्ह बदला असं सांगून सांगून मी थकलो, बरं झालं बदलला नाहीत. तेव्हा साडूभाऊ, मास्तरला 'आता जागा नाही' असं प्रेमाने कळवा. एवढ्याचसाठी लिहायला बसलो होतो, पण गुडघ्याची चौकशी आधी करावी लागते.

ता. क. २. पत्र टाकायचं राहिलं होतं, ते बरंच झालं. ही म्हणाली, त्यांना कसली पत्रं लिहिता, मास्तरला विचारा की. विचारलं. मास्तर राहतोय! कागद नको, पगारवाढ नको. अट एकच, गोलकीपर सगळ्यांत मौल्यवान हे मी सर्वांसमोर म्हणायचं. म्हटलं. लेथवाल्याने टाळ्या वाजवल्या. जावई मात्र 'म्हणजे मोटारीची चूक माझीच' म्हणत घरी गेले आणि त्यांनी बॅग भरायला घेतली. निघालेत तुमच्याकडेच. तुम्ही त्यांना फोन केला नव्हता हे मला माहीत आहे, पण मावससासऱ्यांकडे जायला आमंत्रण कशाला लागतं? लेथवाला सांगतो, फुटबॉलमध्ये आपला खेळाडू दुसऱ्या संघाला उसनाही देतात. तसे ठेवून घ्या. नाहीतरी तुम्हाला माणूस हवाच होता.

ता. क. ३. उसने किती दिवस द्यायचे, ते मुलीला विचारलं. ती त्यांच्या शर्टांच्या घड्या घालत होती. म्हणाली, 'मावशीला लिहा, त्यांचं म्हणणं मध्ये न बोलता एकदा शेवटपर्यंत ऐकून घे. दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या गाडीने परत येतील.'