घोंगडं झटकून घ्यावं

सोलापूर,
कार्तिक महिना, सन १९३६

प्रिय,

ह्यो शब्द गौरम्मानं शिकिवलेला हाय. पत्रात पयला त्योच लिवायचा असतो म्हनं, म्हून लिवला. त्याच्याफुडं तुमचं नाव पायजे, ते पाकिटावर लिवलंय. बायकोनं नवऱ्याचं नाव तोंडानं घिऊ नये, पर हातानं लिवू नये असं कुणी सांगितल्यालं न्हाय. तीन अक्षरं, त्यात एक जोडाक्षर. तेवढं सरळ यायला मला आठ दिवस लागले. तुमाला तर तेबी येत न्हाय. तवा हे पत्र तितं कुणीतरी वाचून दाखवणार, त्या दादाला माजी आधीच हात जोडून इनंती हाय. दादा, जसं लिवलंय तसं वाचा. शिवी आली तर शिवी वाचा, रडणं आलं तर रडणं वाचा, पर एक ओळबी गाळू नका. का, ते फुडं कळंल.

तुमचं पत्र पोचलं. केराला धाडून द्या म्हणताय. माघात मद्रासेवरनं आगबोट हाय, तुमच्यासंगतीचा कैदी कुंडलिक सुटून मुलखाला आलाय, बायकोला घिऊन परत बेटावर चाललाय, त्यांच्यासंगं पोरीला बसवून द्या. चौदावं सरलं असंल, तितं पोरगा बघून ठेवलाय, त्याला भाताचं रान हाय, आनि तुमची तितली बायको तिला पोटच्या पोरीवानी बगंल. वाचून मला हसूच आलं. चूल नवी, तवा नवा, आनि भाकर तेवढी जुन्या घरनं पायजे व्हय? असू द्या. केराचं उत्तर मी देणार हाय, त्याच्यासाठीच तर लिवायला बसलीय. पर आधी माजं ऐका. बारा वर्सं तुमी सांगितलं आनि म्या ऐकलं, आता एक डाव माजी पाळी.

धोंडीरामाच्या शाळूत आपली मेंढरं गेली, त्यानं तुमाला आईवरनं शिवी दिली आनि तुमी त्याच्या डोक्यात कुऱ्हाड घातली. एका शिवीपायी! माज्या पदरात दोन वर्सांची पोर, म्हाळसाबाई सासूचं डोळं गेल्यालं, दारात दीडशे मेंढरं, आनि तुमी समुद्रापल्याड, काळ्या पाण्याच्या शिक्षेवर. तुमच्या आईनं त्या डोळ्यांनी येवढं पाणी काढलं की सांगोल्याला त्या साली पाऊस पडला न्हाय तरी चाललं असतं. मी न्हाय रडले. मला येळच नव्हता.

चार वर्सांनी तुमचं ते पत्र आलं. सरकारनं मुभा दिलीय, बायकापोरांना आणता येतंय, रान कसायला मिळतंय, म्हून. सबंध वाडीत वाचता येणारा एकच, तुमचा भाऊ येडू. बाभळीखाली समदी जमली आनि त्यानं वाचायला घेतलं. तितं पावसात पानापानावर जळवा असत्यात, चालत्या माणसाच्या पोटऱ्यांना लागत्यात आनि रगत पिऊन आंगठ्यायेवढ्या फुगत्यात. वाळूत डोळ्याला दिसत न्हाईत अशी चिलटं, चावली की म्हैनाभर खाज, अंगाच्या चिंध्या व्हत्यात. खाडीत मगरी, धुणं धुणारी बाई वडून नेत्यात. आनि घोणी! आपल्याकडच्या न्हाय, ईतभर लांब, तांबड्यालाल, शंभर पायांच्या. अंथरुणात शिरत्यात आनि निजल्या पोराच्या कानाशी डसत्यात, पोर दिवसभर किंचाळतंय. येडू वाचत व्हता आनि बाया पदर तोंडाला लावत व्हत्या.

मी काय भित्री हाय का? लांडग्याच्या तोंडातनं कोकरू वडून घेतल्याली बाई मी. जळवा माज्या रगतावर पोसल्या असत्या तरी मी आले असते, देवाशप्पत. पर केरा माज्या मांडीवर बसली व्हती, आनि घोण म्हटल्याबरूबर तिनं दोन्ही कान हातांनी झाकलं. ते बघितलं आनि माज्या तोंडातनं ‘न्हाय’ निघून गेलं. समद्या वाडीसमोर म्या म्हणलं, मी येत न्हाय, पोरीला मारायला नेऊ का मी तितं? येडूनं तसंच लिवलं. ते मातर त्यानं खरं लिवलं, त्याचा दोष त्याला न्हाय, तो माजा.

त्या पत्रात एक खेकडाबी व्हता, आठवतंय? नारळाच्या झाडावर चढतोय, नारळ फोडून खातोय, आनि घरातली भांडीबी वडून नेतोय, म्हून झाकणावर धोंडा ठिवावा लागतोय. त्यो केराला लई आवडला. आण्णाचा, म्हंजी तुमचा, खेकडा म्हणायची. दुसऱ्या दिवशी बगते तर आमच्या प्रत्येक गाडग्यामडक्यावर धोंडा! सांगोल्यात प्यायला पाणी न्हाय, खेकडा कुटला येतोय? म्हातारी आंधळी, चाचपडत झाकण काढायची आनि धोंडा पायावर पाडून घ्यायची, मग दिवसभर शिव्या. म्या एकदा धोंडं फेकून दिलं, तर पोर जेवंना. आण्णानं लिवलंय, धोंडा ठिवायचा, म्हणजी ठिवायचा. तुमचा चेहराबी तिला ठावा नव्हता, पर तुमच्या पत्रातला शब्द म्हणजी खंडोबाचा भंडारा. मी दहा डाव सांगितल्यालं ऐकायची न्हाय, आनि समुद्रापल्याडच्या माणसानं एक डाव सांगितल्यालं कवा चुकवायची न्हाय. हे नीट ध्यानात ठिवा.

मग तुमी तितं दुसरी केली. ते पत्र येडूनं वाचलं तवा एक अक्षरबी गाळलं न्हाय, काना-मात्रेसकट वाचलं. मी म्हणलं, झालं, कुंकवाचा धनी व्हता तोबी वाटून गेला. फुडं सासू मेली, आनि मी वाडी सोडून हितं सोलापुरात आले. गिरणीत सुताच्या रिळावर हाय. शेजारी गौरम्मा राहती, लिंगायताची इधवा बाई, निम्मं कानडी निम्मं मराठी बोलती, पर अक्षर मोत्यावानी. गिरणी सुटल्यावर वसरीत आमाला पाटीवर शिकवती. दोन वर्सं झाली. पयल्यांदा मी लाजले, चाळिशीच्या वाटंला लागल्यालं घोडं आता काय शिकणार म्हून. तवा गौरम्मानं मला तिच्या कानडीत काय म्हणलं ते मला कळलं न्हाय, पर सूर शिवीचाच व्हता. म्हून शिकले.

गेल्या म्हैन्यात येडू लोकर इकायला नव्या पेठंत आला तवा तुमचं हे पत्र घिऊन आला. वाचून दावतो म्हणाला. मी म्हणलं, ठिवून जा, आता माजं मी वाचते. त्याचं तोंड उतरलं. मला वाटलं, वैनी शिकली म्हून वाईट वाटलं असंल.

दोन दिवस लागले मला. अक्षराला अक्षर जोडून वाचत गेले. केराला सांगा, वाटंत रानातनं यावं लागतंय, जळवा हाईत, तर तंबाखूच्या पाण्यात भिजवल्याली चिंधी पोटरीला बांधावी, जळू जवळ येत न्हाय. लागलीच तर वडू नये, मिठाची चिमूट टाकली की आपसूक गळून पडती. चिलटांना खोबऱ्याचं त्याल चोळावं. खाडीवर जाऊ नये, वस्तीत हीर हाय. मी वाचायची थांबले. इतकी वर्सं जी जनावरं माज्या उरावर बसली व्हती, ती चिमूटभर मिठानं गळून पडत व्हती व्हय?

मग डबा काढला. तुमची समदी पत्रं त्यात हाईत. आठ वर्सांमागचं ते पत्र उलगडलं. कागद घडीवर फाटलाय, पर अक्षर शाबूत. तितंबी तेच! जळू आनि तिच्याफुडं मीठ, चिलट आनि त्याल, मगर आनि हीर. तुमी जनावर सांगून भ्या घातलं नव्हतं, येणाऱ्या माणसाला वाट सांगितली व्हती. येडूनं जनावरं तेवढी वाचली आनि उपाय समदं गिळलं. खेकड्याचा धोंडा कसा काय सुटला कुणास ठावं, येकाच दमात तोंडातनं निघून गेला असंल.

सुटी टाकून वाडीला गेले. कागद त्याच्याफुडं आपटला. त्यानं नाकारलं न्हाय. म्हणाला, वैनी, तू गेली असतीस तर आंधळ्या आईला कुणी भरवलं असतं, माजं तर लगीनबी झालं नव्हतं. ते खोटं न्हाय. म्हातारीचं मी केलं तसं कुणी केलं नसतं. त्याला वाटलं, जनावरं तर खरीच हाईत, मी कुटं खोटं बोललो? देव त्याचं काय करायचं ते करू दे. मी त्याच्या दारातलं पाणीसुदीक प्याले न्हाय, तशीच मोटारीनं परत आले. तुमालाबी माजं इचारणं हाय. माजं एक ‘न्हाय’ आलं आनि तुमी गप बसला? दुसऱ्यांदा का लिवलं न्हाय, की बने, भिऊ नगंस, ये? माणूस मारायला तुमाला एक घटका लागली, आनि बायकोला दोनदा बोलवायला आठ वर्सं पुरली न्हाईत.

आता केराचं. त्या जुन्या पत्रात घोणीच्या फुडं तुमी काय सांगितलं व्हतं ते मी आता तोंडपाठ म्हणते. केराला सांगावं, अंगावर घ्यायच्या आधी घोंगडं झटकून घ्यावं. येवढंच. नाव घिऊन सांगितलं व्हतं तुमी तिला. घोंगडं झटकावं हे आमालाबी ठावं हाय, मी तिला शंभर डाव म्हणलं असंल, ती ऐकायची न्हाय. पर आण्णानं सांगितलंय म्हटलं असतं, तर सांगोल्यातलं एकेक घोंगडं तिनं झटकलं असतं. त्या पत्रानंतर दोन वर्सांनी, भादव्यात, सकाळी भुरभुर पाऊस आला म्हून मेंढरांच्या वाडग्याच्या कडंला पडल्यालं घोंगडं तिनं उचललं आनि डोईवर खोळ घेतली. आत फुरसं व्हतं. कानामागं चावलं. तीन दिवस हिरड्यांतनं रगत गेलं, आनि तिसऱ्या दिवशी दुपारी माज्या मांडीवर गेली. आठ वर्सांची व्हती. तुमाला कळवायला म्या येडूला तवाच सांगितलं, त्यो लिवलं म्हणाला. तुमचं हे पत्र वाचलं तवा समजलं, त्यानं तेबी गाळलं. म्हून हे पत्र. धाडायला केरा न्हाय. आगबोटीवर जागा धरू नका, त्या पोराला दुसरी बघा म्हणावं. आनि वाचणाऱ्या दादा, हितं तुमी वाचायचं थांबाल. तुमाला वाटंल, दूरदेशीचा माणूस, कशाला त्याच्या जिवाला घोर, पोरगी खुशाल हाय म्हणावं आनि मिटवावं. येडूलाबी तसंच वाटलं असंल. तसं करू नका. वाचलं नसंल तर परत मागं जा, आनि वाचून दावा.

तुमचीच,
बनाबाई