एकेचाळीस ओळी

ठाकुर्ली, ११ मार्च १९९७

प्रिय शेवंती,

तीन वर्षं तू डोंबिवलीच्या आपल्या संगणक केंद्रात माझ्या हाताखाली होतीस, पण मी तुला कधी 'प्रिय' म्हटलं नाही. उशीर झाला की हजेरी कापायचे, मशीनवर वेणी वाहिलीस की काढायला लावायचे. तरी हे पत्र फाडू नकोस. आधी शेवटपर्यंत वाच.

मी निवृत्त झाले. गुडघे गेले आहेत, बाकी ठीक. केंद्र बंद पडलं, तिथे आता चपलांचं दुकान आहे.

एक्क्याण्णवच्या मे महिन्यातलं ते काम तू विसरली नसशील. बाळकुमच्या पुढे खाडीकाठी रस्ता होणार होता. ज्यांची घरं जाणार त्यांना दुसरीकडे जागा, म्हणून नावांची यादी. तुमच्या वाडीच्या अर्जांचा गठ्ठा तू हट्टाने मागून घेतलास. "बाई, आमची नावं मीच टाकनार," म्हणालीस, आणि डबा न खाता संध्याकाळपर्यंत बसलीस. दुसऱ्या दिवशी मागच्या खोलीतल्या मोठ्या मशीनवरून यादी छापली, तर तुमच्या वाडीच्या एकेचाळीस ओळींत मराठीचं एक अक्षर नव्हतं. इंग्रजी अक्षरं, आकडे, कंस, सगळा कचरा. तू रडकुंडीला येऊन सांगत होतीस, "बाई, देवाशपथ, माझ्या पडद्यावर मराठीच दिसत व्हतं." मी म्हटलं, पडदा खोटं बोलत नाही, माणसं बोलतात. अर्ज सकाळीच परत गेले होते आणि दुपारी यादी द्यायची होती. मी त्या ओळी पुसल्या आणि यादी धाडली. तुला त्याच दिवशी काढलं.

आठवड्याने तुझे वडील आले. भिवाजी, डोक्याची टोपी हातात घेऊन उभे. मी बसासुद्धा म्हटलं नाही. त्यांनी विचारलं, वाडीची नावं कुठे गेली? मी सांगितलं, तुमच्या मुलीने टाकलीच नाहीत.

पुढचं मला गेल्या महिन्यात कळलं. ठाकुर्ली स्टेशनबाहेर एक बाई सुकी मासळी घेऊन बसते. "ताय, जवला घे, कडक सुकवलाय," म्हणाली. वाटा बांधता बांधता बोलत होती. तिच्या वाडीतल्या एकेचाळीस घरांना जागा मिळाली नाही, घरं पाडली. "माझीच पोर कंपूटरवर व्हती. तिनं गावाची नावं गिळली." मी विचारलं, पोर कुठे आहे? टिटवाळ्याला. बापाने उंबरा बंद केला. त्याचं शेवटचं दुखणं ऐकून पोर धावत आली, वाटीत पाणी घेऊन उशाशी बसली, तर त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. तसाच गेला. ती बाई म्हणजे मनुबाई, तुझी आई. तिने मला ओळखलं नाही. जवळा घेऊन मी घरी आले आणि तसाच फेकला.

आता जे लिहायचं ते लिहिते. तू काढली गेल्यानंतर चौथ्या दिवशी मी स्वतः तुझ्या मशीनवर बसले. 'सुमती' लिहिलं. पडद्यावर नीट उमटलं, छापलं तर कचरा. आपल्या मराठी अक्षराला आठ बिटं, म्हणजे शून्य-एकच्या आठ खुणा लागतात, इंग्रजीला सात पुरतात. तुझं मशीन सातच पाठवत होतं. आठवं वाटेतच गळायचं, आणि पडदा मात्र मोठ्या मशीनला न विचारता तू टाकलेलं तुलाच दाखवायचा. ते सातवर मीच ठेवलं होतं. तुझ्या कामाच्या आदल्या संध्याकाळी एका गिरणीची इंग्रजी बिलं पाठवायची होती. ती पाठवली आणि मशीन परत आठवर आणायला विसरले. चौथ्या दिवशी आणलं, आणि गप्प बसले. तुझे वडील आले ते त्यानंतर तीन दिवसांनी. म्हणजे मी ते वाक्य बोलले तेव्हा मला सगळं माहीत होतं.

त्या एकेचाळीस ओळींचा कागद मी फाडला नव्हता. का, ते मलाही सांगता येत नाही. गेल्या महिन्यात ट्रंकेतून काढला. एक बिट गळलं तरी कुठल्या अक्षराचं काय होणार ते ठरलेलं असतं. भ चा K होतो, म चा L. तक्ता मांडून एकेक अक्षर मागे नेलं. तीन आठवडे लागले. एकेचाळीस नावं पूर्ण निघाली. एकही चूक नव्हती तुझी. सतरावी ओळ भिवाजींची आहे.

परवा रविवारी मी ती यादी घेऊन तुमच्या गावकीपुढे उभी राहिले आणि हे सगळं तोंडाने सांगितलं. माझ्या सहीचा जबाबही दिला. सरकार तो मानेल की नाही, ठाऊक नाही. मुदत केव्हाच गेली. कोणी शिवी दिली नाही. दाजी, तुझे चुलते, एवढंच म्हणाले, "बाय, येवढं तवाच बोलली असतीस, तर माझा भाव पोरीच्या हातचं पानी पिऊन गेला असता." तुझा पत्ता मनुबाईने बटव्यातल्या चिठ्ठीवरून मला उतरवून घेऊ दिला. सहा वर्षं ती चिठ्ठी तिच्या कनवटीला होती. येत्या रविवारी ती टिटवाळ्याला तुझ्याकडे येणार आहे. तू दार उघडणार नाहीस, या भीतीने तिने मला आधी पत्र लिहायला सांगितलं, म्हणून लिहिलं. मला क्षमा करू नकोस. तिला दार उघड.

हा शब्द वापरायचा हक्क नसूनही,
तुझीच
सुमती पर्वते