माइककडं बघून गायलेला ढावलो

याडी, माझे आई, ओळखलंस का मला? चुलीवर दूध ठेवून शेजारणीकडं बोलत बसायची तुझी सवय; तिकडं वर जाऊन इतकी वर्सं झाली, लेकही उतू गेली असंल ध्यानातून. मी तुझी थोरली. लिहिता मला अजून येत न्हाई. मी सांगून राहिले, माझी नात, तुझी पणती, लिहून राहिली. लग्न झाल्यावर पहिल्यांदाच सासरहून आली ती, काल.

माझ्या लग्नाआधी कापूस वेचता वेचता तू मला ढावलो शिकवलास. नवरी निघताना तिनं अन् तिच्या माणसांनी एकमेकांच्या गळ्यात पडून, रडत गायचं ते आपलं गाणं. मी झोपडीच्या खांबाला मिठी मारून सराव करायचे. एकदा गळा चांगला लागला म्हणून सूर जरा लांबवला, तर तू कमरेला असा चिमटा काढलास! "कुणाला ऐकवून राहिली गं? बोल त्याच्याशी. खांब असला म्हणून काय झालं?"

हिच्या लग्नात, सेनगावच्या कार्यालयात, कुणीतरी माझ्या हातात माइक दिला. "दादी, होऊ द्या!" गायले. या वयात एक शब्द सुटला न्हाई. अन् याडी, लोकांनी टाळ्या वाजवल्या. ढावल्याला टाळ्या! एकजण तर 'वन्स मोर' म्हणाला. नवरी कोरड्या डोळ्यांनी जीपमध्ये बसली. तवापासून जिवाला चैन न्हाई. पोर शिकून दगड झाली, का माझंच गाणं मेलं?

हे सांगितलं तर आत्ता हिनं पेन खाली ठेवला.

"दादी, तू मला गायलीसच कुठं? माइककडं बघून राहिली होतीस. मी वाट बघितली."

"मग तवाच काहून न्हाई बोललीस?"

"चहूकडून मोबाइल धरलेले. नवरी काय बोलणार?"

ओढली तिला, गळ्यात घेतली, सुरू केलं. दुसऱ्या ओळीवर अडकले. तिचे तेलकट केस माझ्या नाकाशी, तिचा श्वास मानेवर, अन् शब्द एक न्हाई. नुसता घशातून आवाज निघून राहिला. तिचा खांदा हलला. रडली का हसली, कळलं न्हाई. विचारायची हिंमत झाली न्हाई. आता मान खाली घालून लिहून राहिली.

हा कागद पिठाच्या डब्याखालीच राहणार. पण तुला धाडता येत असंल तर ती दुसरी ओळ धाड. संगं लापशी. कार्यालयातली साखरेची होती. खोटं कशाला बोलू, दोनदा घेतली मी. पण तू गुळाचीच धाड.