काचेचा बूट आणि माझा एक शब्द

पांढुर्णा, शुक्रवार, १२ डिसेंबर १९८६

टॉकीजच्या बोर्डावर काचेचा बूट मीच रंगवला. राजकन्येची गोष्ट, म्हणून ‘सहकुटुंब पाहा’ हेही आपल्या मनानं लिहिलं. इंग्रजी पोस्टर स्वतः वाचलं होतं ना! आज दुपारी सिनेमा पाहिला. राजपुत्र बूट घेऊन घरोघर फिरतो, पण माप पायाचं घेत नाही. बाकी लिहवत नाही.

‘सहकुटुंब’ पुसतो म्हटलं, तर टॉकीजचा मालक हसला, “पेंटरसाहेब, तुमच्या शब्दानं बाया येऊन राहिल्या. पुसाल तर पुढचा बोर्ड दुसऱ्याचा.”

घरी बायको म्हणे, “उद्या पोरींना घेऊन जातो. तुमी लिवलं म्हणजे पक्कंच.”

काय सांगू? इंग्रजी कळलं नाही म्हणून?

सांगितलं.

“आन् मले डिक्शनरी दाखवून इंग्रजी शिकवत होते!” बायको म्हणाली.

टर्पेंटाइन घेऊन गेलो. मालकादेखत शब्द पुसला. बूट मात्र पुसवला नाही. काचेची चमक बरोबर जमली होती.