यंत्र बरोबर होते

मनोरमा हरिश्चंद्र पुरळकर,

कायद्याप्रमाणे मृत्युपत्र जिवंतांसाठी लिहायचे असते. तरीही पहिला परिच्छेद तुला उद्देशून लिहीत आहे, कारण यात वाटून द्यायची मुख्य मिळकत तुझी आहे आणि ती गेली चौदा वर्षे माझ्या नावावर राहिली. पुढील मजकुरात तुझा उल्लेख ‘माझी पत्नी’ असा येईल. दस्तऐवजाची तशी रीत आहे. रीत मोडण्याचे धैर्य मला याही वेळी झाले नाही.

मी, हरिश्चंद्र गजानन पुरळकर, वय वर्षे पंचाहत्तर, समाजशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक, राहणार गोडदेव, भाईंदर पूर्व, स्मरणशक्ती शाबूत असताना, कोणाच्या धाकाने वा आर्जवाने नव्हे तर स्वतःच्या विचाराने, माझ्या पश्चात काय व्हावे ते लिहून ठेवत आहे. यापूर्वीचे माझे मृत्युपत्र या लेखाने रद्द समजावे. त्यात सर्व कलमे नियमानुसार होती. फक्त खरे असे एकही नव्हते.

आमच्या कुटुंबाच्या डॉक्टर ममता भोईर यांनी मला तपासून मी समजून-उमजून लिहीत असल्याचा दाखला दिला आहे. तो सोबत जोडला आहे. तपासताना त्यांनी विचारले, “सर, जेवण नीट जातंय का?” मी विचारले, “दाखल्यासाठी ते आवश्यक आहे काय?” त्या म्हणाल्या, “दाखल्यासाठी नाही. मला हवंय.” उत्तर मी दिले नाही. येथे देतो : जात नाही.

कलम १. गोडदेव येथील माझी सदनिका, आतील सामानासह, माझी एकुलती एक कन्या निशिगंधा हिला द्यावी. तीत तिने राहावे, भाड्याने द्यावी वा विकावी. माझी अट नाही. आयुष्यभर मी तिच्यावर अटी घातल्या, हे एक कलम विनाअट असावे.

कलम २. बँकेतील ठेवींपैकी निम्मा भाग निशिगंधाचा. उरलेल्या निम्म्यातून पाली गावातील, कलम ५ मध्ये वर्णन केलेल्या घरांतील स्त्रियांची दरवर्षी श्वसनतपासणी व्हावी. व्यवस्था निशिगंधा आणि माझे पूर्वीचे संशोधन सहायक डॉ. कौस्तुभ माणगावकर यांनी पाहावी. या मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारे म्हणूनही मी याच दोघांना नेमतो.

कलम ३. माझे ग्रंथ मी ज्या महाविद्यालयात एकतीस वर्षे शिकवले त्याच्या ग्रंथालयास देऊ केले होते. जागा नाही असे कळवण्यात आले. पत्रात माझे आडनाव ‘पुरळेकर’ लिहिले आहे. ग्रंथ ज्यास हवे त्याने न्यावेत. महाविद्यालयास पुन्हा विचारू नये.

कलम ४. आमच्या खालच्या मजल्यावरील श्री. दत्ताराम शिगवण यांनी माझ्या खिडकीखाली निळा पत्रा ठोकल्याबद्दल मी सोसायटीकडे सहा वर्षांत अकरा लेखी तक्रारी केल्या. त्या सर्व मागे घेत आहे. माझी पत्नी शेवटच्या आजारपणात असताना याच गृहस्थांनी लिफ्ट बंद पडल्यावर तिला खुर्चीत बसवून चार मजले उचलून आणले, आणि वर पोहोचल्यावर म्हणाले, “वहिनी, तक्रार क्रमांक बारा करायला सांगा सरांना, मी पायात चपला घालून घरात आलो.” ती हसली होती. पत्रा मात्र कुरूप आहे, हे माझे मत कायम आहे.

कलम ५. येथून मुख्य विषय.

जानेवारी २०१० ते मार्च २०११ या पंधरा महिन्यांत मी पाली या किनाऱ्यावरील गावात दोनशे बारा घरांचा अभ्यास केला. स्वयंपाकाचे इंधन, मुलींची शाळा आणि बायकांचे श्वसनारोग्य यांचा परस्परसंबंध तपासणे हा हेतू होता. एकशे त्र्याण्णव घरांत लाकडाची चूल होती, एकोणीस घरांत गॅस. प्रत्येक घरातील स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीने श्वासाचा जोर मोजणाऱ्या मापकाच्या नळीत जोराने फुंकायचे आणि आलेला आकडा लिहायचा. दहा महिन्यांनी पुन्हा तेच. बायका त्या मापकाला ‘फुकनी’ म्हणत.

‘मी अभ्यास केला’ असे वर लिहिले. ते असत्य आहे. मी त्या घरांत गेलो तेव्हा बायका पदर ओढून गप्प बसत. माझे विद्यार्थी गेले तर त्या हसत. माझ्या पत्नीने शाळेतील शिक्षिकेची नोकरी मुदतीपूर्वी सोडली, आणि दोनशे बारा घरांतील सर्व मुलाखती तिने एकटीने घेतल्या. लेखात तिचा उल्लेख शेवटच्या पानावरील आभारात आहे : ‘सौ. पुरळकर यांचे सहकार्य लाभले.’ तिच्या शोकसभेतही मी ‘तिने मला मदत केली’ असे म्हणालो. दोन्ही विधाने मी मागे घेतो.

कलम ६. क्षेत्रकामाची नियमावली माझी होती. तीत तीन नियम असे होते, की त्यांचा परिणाम येथे नोंदवणे मला भाग आहे.

पहिला : मुलाखत चुलीपाशीच, स्वयंपाक चालू असताना घ्यावी, म्हणजे सांगितलेले आणि प्रत्यक्षातले ताडून पाहता येते. माझी पत्नी पंधरा महिने रोज दोन घरांत, खिडकी नसलेल्या स्वयंपाकघरात, धुरात बसली. लहानपणी तिला दम्याचा त्रास होता. हे मला लग्नापासून ठाऊक होते. नियमावली लिहिताना आठवले नाही.

दुसरा : मापक ठीक आहे की नाही हे पाहण्यासाठी क्षेत्रसेविकेने रोज सकाळी स्वतः त्यात तीनदा फुंकावे आणि सर्वांत मोठा आकडा नोंदवहीत लिहावा. आमच्या घरी गॅस होता, म्हणून तिची फुंक मी प्रमाण मानली होती. पहिल्या महिन्यात तिचा आकडा सरासरी तीनशे नव्वद होता. शेवटच्या महिन्यात तीनशे दहा. मी निष्कर्ष काढला की मापकाची स्प्रिंग ढिली झाली आहे. एकदा ती म्हणाली होती, “अहो, हल्ली फुंक पुरत नाही.” मी म्हणालो, “ओठ नीट मिटून घेत जा.”

मापक मंदावला असे ठरवून मी पालीतील सर्व बायकांचे दुसऱ्या फेरीचे आकडे सव्वापट करून घेतले. त्यामुळे त्यांच्या श्वासात झालेली घट कागदावरून नाहीशी झाली. लेख प्रसिद्ध झाला : ‘धुराचा मोजण्याजोगा परिणाम आढळला नाही.’ एक सेवाभावी संस्था त्या घरांना धुराडी आणि तपासणी देणार होती. माझा लेख वाचून तिने दुसरे गाव निवडले.

कलम ७. श्री. कौस्तुभ माणगावकर तेव्हा माझे संशोधन सहायक होते. लेख पाठवण्याच्या आदल्या दिवशी ते तक्ता घेऊन आले.

“सर, गॅसवाल्या एकोणीस बायकांचं बघा. सव्वापट केल्यावर त्यांची फुप्फुसं दहा महिन्यांत सव्वापट झाली. पालीत हवा इतकी चांगली असेल तर मीच राहायला जातो.”

मी म्हणालो, “सरावाने फुंक सुधारते.”

“मग लाकूडवाल्यांना सराव का झाला नाही? सर, यंत्र बरोबर असेल तर?”

“या लेखावर आपले नाव असावे असे आपल्याला वाटते काय?”

“असा जाणार असेल तर नको.”

मी नाव काढले, आणि त्यानंतर तेरा वर्षे त्यांच्याविषयी चारचौघांत ‘उद्धट’ हा शब्द वापरला. तो शब्द मागे घेतो. मापक त्यांना द्यावा.

कलम ८. तिसरा नियम असा : आकड्यांविषयीची हरकत तोंडी सांगू नये, नोंदवहीत लिहावी.

सप्टेंबर २०२४ मध्ये फुप्फुसांच्या जुनाट विकाराने माझी पत्नी वारली. तिचे कपाट आवरताना नोंदवही आणि मापक दोन्ही मिळाले. निशिगंधाने सहज मापकात फुंकले, मग औषधाच्या दुकानातून नवीन मापक आणून त्यातही फुंकले.

“बाबा, दोन्हीत चारशे दहा.”

“तीनदा फुंकलेस?”

“तीनदा. हे बिघडलेलं नाहीये, बाबा.” थोड्या वेळाने ती म्हणाली, “मग आईचाच...” आणि वाक्य तसेच सोडून ती स्वयंपाकघरात गेली.

मी नोंदवही उघडली. पान एकाहत्तर, दिनांक ११ मार्च २०११, माझ्या पत्नीचे अक्षर : ‘हरकत. माझी स्वतःची फुंक कमी होत आहे. घरचा जिना चढताना मध्ये थांबावे लागते. यंत्रास दोष देऊ नये असे वाटते.’ त्याखाली माझ्या अक्षरात : ‘पाहिले.’ आणि सही.

मी पाहिले नव्हते. मी रोज संध्याकाळी चहा घेता घेता पानांवर सही करत असे, आणि चहा तिनेच केलेला असे. आपल्याला धाप लागते हे मला सांगण्यासाठी माझ्या पत्नीला हरकत नोंदवावी लागली. तीही माझ्यापर्यंत पोहोचली नाही.

२०२२ साली डॉ. ममता यांनी तिला विचारले होते, “काकू, कधी चुलीच्या धुरात काम केलंय?” उत्तर मी दिले : “आमच्याकडे लग्नापासून गॅस आहे.” माझ्या पत्नीने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, “हो, गॅसच आहे.” परक्यासमोर तिने माझे वाक्य कधी खोडले नाही. डॉ. ममता यांना हे सर्व मी मागील महिन्यात सांगितले. त्या बराच वेळ पेनाचे टोपण काढत-घालत राहिल्या. मग म्हणाल्या, “वर्षभर आपण चुकीच्या ठिकाणी शोधत होतो, सर.”

कलम ९. मूळ, न वाढवलेल्या आकड्यांवरून तो लेख नव्याने लिहिला जावा आणि ज्या नियतकालिकात चूक छापली गेली तेथेच दुरुस्ती छापली जावी. पहिले नाव मनोरमा पुरळकर, दुसरे कौस्तुभ माणगावकर. नियतकालिकाने नकार दिल्यास अन्यत्र छापावी, आणि कोठेच न छापल्यास या मृत्युपत्राच्या प्रती काढून मागेल त्यास द्याव्यात. डॉ. माणगावकर यांना मी तेरा वर्षांनी दूरध्वनी केला. सर्व ऐकून त्यांनी एवढेच विचारले, “सर, करतो. तुमचं नाव काढायचं की ठेवायचं?” मी म्हणालो, “शेवटी ठेवा. चूक कोणाची होती हे कळले पाहिजे.”

नोंदवही निशिगंधाची. पान एकाहत्तर फाडू नये.

कलम १०. पालीतील श्रीमती मंदा धर्माजी कोळी यांच्या घराची पुढची खोली आमचे क्षेत्र-कार्यालय होती. अभ्यास संपल्यावरही ती मी सोडली नाही. मूळ फॉर्म तेथेच पेटीत होते. मागच्या रविवारी मी तेथे जाऊन जमलेल्या बायकांना वरील हकिगत वाचून दाखवली. वाचायला मी उभा राहिलो तेव्हा मंदाताई म्हणाल्या, “बसा, मास्तर. बाई आली की पयला च्या मागायची, मंग वही काढायची. तुमी न्हेमी उभ्यानंच बोलता.”

मी बसलो. वाचून झाल्यावर त्यांनी विचारले, “माझा खरा आकडा कंचा?”

“पहिल्यांदा तीनशे चाळीस. दुसऱ्यांदा दोनशे सत्तर.”

“आनि छापला कंचा?”

“तीनशे चाळीस.”

“म्हंजे माझी फुक गेली ती तुमी कागदावर भरून काढली.”

मी हात जोडून क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, “ती आमच्याकडं मागू नका, आमी काय कोर्ट न्हाय. बाई धुरात खोकायची तवा मी म्हनायची, जरा भायेर बस गो. ती म्हनायची, साहेबांचा नियम हाय.” मग पेटीकडे बोट करून त्या म्हणाल्या, “आमचं आमाला द्या.”

म्हणून ठरवले की हे काम माझ्या मृत्यूपर्यंत थांबवू नये. प्रत्येक फॉर्मची छायाप्रत डॉ. माणगावकर यांच्याकडे राहील. मूळ फॉर्म, खऱ्या आकड्यांसह, ज्या स्त्रीचा तिला अथवा तिच्या घरच्यांना आज परत दिला जाईल. हे मृत्युपत्र त्याच खोलीत करत आहे.

माझ्या मृत्यूनंतर शोकसभा घेऊ नये. घेतलीच तर माझ्या पत्नीने मला मदत केली असे कोणीही म्हणू नये.

हा सर्व मजकूर मी स्वतःच्या हाताने लिहिला, पुन्हा वाचला, आणि या वेळी खरोखर पाहून खाली सही केली. खालील दोघांनी मला सही करताना पाहिले व माझ्यासमोर आपापल्या सह्या केल्या. या लेखातून दोघांनाही काही मिळत नाही.

लिहून ठेवणार : हरिश्चंद्र गजानन पुरळकर (सही)

साक्षीदार :
१. डॉ. ममता भोईर, भाईंदर पूर्व (सही)
२. दत्ताराम शिगवण, गोडदेव, भाईंदर पूर्व (सही)

स्थळ : पाली, मिरा-भाईंदर
दिनांक : १६ नोव्हेंबर २०२५

सहीनंतरची नोंद : दुपारी तीन ते सायंकाळी साडेसहा या वेळात दोनशे एक फॉर्म परत दिले. त्यांतील चौतीस स्त्रिया हयात नाहीत. त्यांचे फॉर्म सुनांनी वा मुलींनी घेतले. प्रत्येकीला दोन्ही आकडे मी मोठ्याने वाचून दाखवले. अकरा फॉर्म घेणारे कोणी उरलेले नाही, ते डॉ. माणगावकर यांच्याकडे सोपवले. पेटी रिकामी झाली. खोली झाडून घेतली, दाराला कुलूप लावले आणि दोन्ही किल्ल्या श्रीमती मंदा कोळी यांना परत केल्या. ह. ग. पु.