सासरेबुवा

९ सप्टेंबर

तीर्थरूप आबांना नमस्कार.

मी बरी आहे. खोकला गेला, जेवण वेळेवर होतं. आईचे गुडघे कसे आहेत? तिला म्हणावं, खाली बसून कपड्यांच्या घड्या घालणं बंद कर, खुर्ची घे. ती ऐकणार नाही, पण म्हणावं.

फोन असताना हिने पत्र का लिहिलं, असं तुम्हाला वाटेल. फोनवर तुम्ही स्पीकर लावता आणि दुकानात जो कोणी असेल तो ऐकतो. मागे मी पोट बिघडल्याचं सांगितलं, तर पलीकडून कोणा गिऱ्हाइकाने मला औषध सुचवलं होतं. हे पत्र फक्त तुमच्यासाठी आहे. इस्त्री बंद करा, शटर अर्धं ओढा आणि आत बसून वाचा.

कामाचं ठीक चाललंय. कारखान्यातल्या बायका आता आमच्या महिला मदत केंद्रात स्वतःहून येतात. कारखान्यापासून बस थांब्यापर्यंतच्या रस्त्यावर दिवे नाहीत, हे मी सभेत बोलले, तो व्हिडिओ तुम्ही पाहिलात. तुम्ही किती वेळा पाहिलात हे आईने सांगितलं. "यांचं बोट आता इस्त्रीपेक्षा फोनवर जास्त फिरतं," म्हणाली.

त्या व्हिडिओखाली तुम्ही लिहिलंत, 'ही माझी मुलगी आहे.' आबा, ते वाचून मी ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन रडले. तुम्हाला लिहायचा कंटाळा, शाळा चौथीत सुटलेली. एकेक अक्षर शोधत तुम्ही ते लिहिलं असणार.

मग खाली लोक तुमच्याशी बोलायला लागले. तुम्ही प्रत्येकाला उत्तर दिलंत. कोणी काही लिहिलं की तुमचे जोडलेले हात. मी म्हटलं होतं, सगळ्यांना कशाला उत्तर देता? तुम्ही म्हणालात, "अगं, लोक दोन शब्द बरे बोलतायत आणि आपण गप्प बसायचं? शोभतं का ते?"

कसं सांगू कळत नाही. ते बरं बोलत नव्हते.

एकाने लिहिलं होतं, 'पोरगी अंधाराला घाबरते का? आम्ही सोडू घरी, सगळे मिळून.' त्यावर तुम्ही लिहिलंत, 'आभारी आहे. आपल्यासारखी माणसं आहेत म्हणून काळजी नाही.' त्याखाली हसण्याची चित्रं आली, ओळीच्या ओळी. तुम्हाला वाटलं असेल, लोक खूश आहेत. त्या वाक्याचा अर्थ मी लिहिणार नाही. तुम्ही पुन्हा एकदा सावकाश वाचा, म्हणजे कळेल. आईला दाखवू नका.

बाकीच्यांनी लिहिलं त्याचाही अर्थ तसाच. कोणी मला 'माल' म्हटलं, तो तुम्ही समजलात तो दुकानातला माल नाही. त्या लोकांचा फोनवर एक ग्रुप आहे, कोणालाही उघडून बघता येतो असा. बोलणारी बाई दिसली की तिथे तिचा व्हिडिओ टाकतात आणि मग सगळे मिळून तुटून पडतात. माझ्याआधी एक डॉक्टर होती, एक शाळेतली बाई होती. शाळेतल्या बाईंनी नोकरी सोडली. मला वाटायचं, आपण शिकलो, चार लोकांत नीट बोललो, की लोक ऐकून घेतात. तसं नाहीये, आबा. काहीजण फक्त बोलणारीचा चेहरा लक्षात ठेवतात.

त्यांनी तुम्हाला सासरेबुवा म्हणायला सुरुवात केली. तुम्ही फोनवर किती हसलात. "तुला स्थळं चालून यायला लागली," म्हणालात. मीही हसले आणि विषय बदलला. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तुमचा आवाज इतका खुलला होता, की माझ्याने झालं नाही.

मग वाघाचं चित्र लावलेल्या एकाने विचारलं, 'सासरेबुवा, मुलगी राहते कुठे, कामावरून सुटते कधी?' चौकशी सभ्य भाषेत होती. मुलीच्या बापाने मोकळेपणाने सांगावं, अशीच. तुम्ही सगळं सांगितलंत. पोस्टासमोरची गल्ली, हिरवा दरवाजा, पहिला मजला. संध्याकाळी आठला सुटते. एकटीच येते, पण धीट आहे.

पुढच्याच आठवड्यात घरमालकीण काकूंकडे एकजण आला. "त्यांच्या वडिलांच्या ओळखीचा आहे," म्हणाला. काकूंनी त्याला पाणी दिलं. मी घरी नव्हते. तो जिन्यात बराच वेळ बसून गेला. दुसऱ्या दिवशी माझ्या दाराच्या कडीला पांढरी ओढणी बांधलेली होती. माझी नव्हती. तिसऱ्या दिवशी ग्रुपवर त्या दाराचा फोटो आला.

मी पोलिसांत गेले. तिथला साहेब फोन बघत म्हणाला, "पत्ता कोणी दिला?"

"वडिलांनी."

"मग बाई, आम्ही काय करायचं? आधी वडिलांना समजवा."

शेवटी आमच्या केंद्राच्या वकील मॅडमनी फोन केला, तेव्हा तक्रार लिहून घेतली. ती लिहून घेतली एवढंच झालंय.

आता मुद्द्याचं. गुरुवारी तुम्ही फोनवर म्हणालात, "एक नवीन मुलगा रोज शर्ट घेऊन येतो, घरचा चांगला वाटतो. काचेवरचा तुझा पदवीचा फोटो बघून म्हणाला, आपल्या गावचं नाव काढलं. सुट्टीला कधी येणार, ते विचारत होता." मी तेव्हा काही बोलले नाही. स्पीकर चालू होता, आणि मागे कोणीतरी खाकरलं.

काल ग्रुपवर तुमच्या दुकानाचा फोटो होता. रस्त्यापलीकडून काढलेला. तुम्ही पाठमोरे आहात, उजव्या खांद्यावर ठिगळ असलेला तोच बनियन. खाली लिहिलंय, 'सासरेबुवांचा हात चांगला आहे. शर्ट झाला, आता नवरी.'

तो शर्टवाला मुलगा त्यांच्यातलाच आहे, पण त्याच्याशी भांडू नका. त्याचा शर्ट असेल तर नीट इस्त्री करून द्या. काचेवरचा फोटो एकदम काढू नका, त्याला कळेल. आधी केंद्रात फोन करून वकील मॅडमशी बोला. पुढे काय करायचं ते त्या सांगतील. स्पीकर लावू नका. माझ्याबद्दल काही विचारलं, तर आईला पुढे करा. तुम्हाला खोटं बोलता येत नाही, तिला येतं, आणि या वेळी ते उपयोगी पडेल. माझं पत्र आलंय हे त्यालाच काय, कोणालाच सांगू नका. मला माहीत आहे, तुम्हाला सांगावंसं वाटेल.

तुमची काही चूक झाली असं मी म्हणत नाही. तुम्ही माणसांशी माणसांसारखे बोललात. पुढच्या सभेत मी पुन्हा बोलणार आहे. तेवढं मला अडवू नका.

मी खोली बदलली आहे. नवी जागा कुठे आहे ते तुम्हाला सांगत नाही. पाकिटावरही पाठवणाऱ्याचा पत्ता नाही. कोणी गोड बोलून विचारलं, की तुम्ही सांगून टाकाल, म्हणून. हे लिहिलं ते खोडत नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी कुठे आहे हे तुम्हाला ठाऊक नसेल, आणि काही दिवस ते तसंच राहू दे.

वाचून झालं, की पत्र जाळून टाका. नाव मुद्दाम लिहीत नाही, अक्षर तुम्ही ओळखाल.

तुमचीच